यादीतला सातवा नंबर

पाकीट मंगळवारी सकाळी आलं. एरवी असले कागद शिपाई आणून टाकतो. हे पाकीट घेऊन ऑफिसचे मॅनेजर अरविंदसर स्वतः आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि "काय म्हणतंय घर?" असं विचारलं. एकवीस वर्षांत त्यांनी राजश्रीला घराबद्दल विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिथंच तिच्या मनात संशयाची पहिली ठिणगी पडली.

पाकिटात दोन कागद होते. पहिला मेमो. रविवार दिनांक एकोणीस रोजी आपण ऑपरेटर म्हणून कामावर असताना ऐरोलीतील एका सोसायटीतून आलेले फोन आपण घेतले नाहीत, त्यामुळे लिफ्टमध्ये एक व्यक्ती सत्तर मिनिटे अडकून राहिली, कंपनीच्या नावाला बाधा आली, तरी शुक्रवारपर्यंत खुलासा करावा. दुसऱ्या कागदावर तो खुलासाही तयार होता, नीट टाइप केलेला. 'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली. पुन्हा असे घडणार नाही.' खाली तिचं नाव, राजश्री अश्विन साळवे, आणि नावाच्या वर सहीपुरती मोकळी जागा.

"माझा खुलासा तुम्हीच लिहिलात?" तिनं विचारलं.

"तुमचा वेळ वाचावा म्हणून हो," अरविंदसर म्हणाले. "नुसती फॉर्मॅलिटी आहे बाई. सोसायटीला दाखवायला काहीतरी कागद हवा. अकरा टॉवरचं काम आहे त्यांच्याकडे, ते गेलं तर सगळ्यांनाच जड जाईल. सही करा, मी फाइलला लावतो, विषय संपला."

"सर, फोन वाजलाच नाही."

"ते मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"अहो, मला माहीत असून काय उपयोग? सोसायटीला कोण समजावणार इंटरनेट आणि बॅकअप? त्यांना माणूस हवा. शुक्रवारी द्या, घाई नाही." आणि ते उठून गेले. खुर्ची परत जागेवर ठेवली नाही.

महाप्यातली ही कंपनी लिफ्टची देखभाल करते. दिघ्यापासून नेरूळपर्यंत शंभरावर इमारतींमधल्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी तिचं स्टिकर आहे: 'अडकल्यास घाबरू नका. या क्रमांकावर फोन करा.' त्या क्रमांकाच्या दुसऱ्या टोकाला राजश्री बसते. तिशीत इथं नोकरीला आली तेव्हा तिला वाटलं होतं, काय ते, फोन उचलायचा आणि मेकॅनिकला पाठवायचं. पण अडकलेला माणूस फोनवर आला की तो माणूस राहत नाही. कुणी शिव्या देतं, कुणी रडतं, एकदा एक वकील मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागले होते. मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांना धरून ठेवायचं, श्वास घ्या म्हणायचं, दाराला हात लावू नका म्हणायचं, कितव्या मजल्यावर चढलात, घरी कोण असतं, असं काहीबाही विचारत राहायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फोनवरचा तिचा आवाज सायीसारखा आहे असं लोक म्हणत. घरचे लोक म्हणत, साय तिकडेच संपते, इकडे उरतं ते खरवडलेलं पातेलं.

जुनी फोनची पेटी होती तोवर सगळं ठीक होतं. आठ महिन्यांपूर्वी ती भंगारात गेली आणि इंटरनेटवर चालणारे फोन आले. ते बसवायला मितेश आला होता, फोन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनीयर, चाळिशीचा, सतत घाईत असलेला. त्याने समजावून सांगितलं: इंटरनेट बंद पडलं तरी घाबरायचं कारण नाही, येणारे कॉल आपोआप मोबाइलवर जातील. "फक्त नंबर द्या, सर. क्रमाने. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. सात जण टाकता येतील."

अरविंदसरांनी कोरा कागद घेतला. आणि लग्नपत्रिका लिहायला बसावं तसे बसले.

पहिले अर्थातच मोठे साहेब. ते कंपनीचे मालक, सत्तरीला आलेले, आठवड्यातून एकदा येतात. दुसऱ्या मॅडम, म्हणजे साहेबांची बायको. त्या ऑफिसात फक्त दसऱ्याला येतात, पण कागदोपत्री डायरेक्टर आहेत. "त्यांना खाली घातलं तर वाईट दिसेल," अरविंदसर म्हणाले. तिसरे स्वानंदसर, साहेबांचा मुलगा, खरा कारभार त्यांचा. चौथे विक्रीचे साहेब. पाचवे स्वतः अरविंदसर; विक्रीच्या साहेबांना वर ठेवून आपण खाली राहिलो याचं समाधानही त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सहावे मेकॅनिक लोकांचे मुख्य. आणि सातव्या ओळीवर नावसुद्धा नाही, नुसतं 'ऑपरेटर'.

"सर, मला पहिलं टाका," राजश्री म्हणाली होती. "मोठे साहेब काय लिफ्टमधल्या माणसाशी बोलत बसणार आहेत?"

"अहो, ही यादी साहेबांकडे सहीला जाणार. त्यात तुमचं नाव साहेबांच्या वर कसं दिसेल?"

मितेश म्हणाला, "एकदा टेस्ट करून घेऊ, सर? केबल काढून बघू."

"टेस्ट केली तर पहिला फोन साहेबांना लागेल ना? विनाकारण त्यांना डिस्टर्ब कशाला?"

झालं. टेस्ट झाली नाही. साहेबांनी वीस कागदांच्या गठ्ठ्यात या कागदावरही सही केली. राजश्रीनं पुढं काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला थोडं बरंच वाटलं होतं. सातवा नंबर म्हणजे सुट्टीच्या दिवशी, भाजी फोडणीला टाकताना, कुणाचा हंबरडा कानात यायचा नाही. वर सहा जण आहेत ना, घेतील कुणीतरी. तिनं सगळ्यांसाठी चहा सांगितला होता, आणि विक्रीच्या साहेबांना अरविंदसरांच्या वर बघून मेकॅनिक दत्तूला डोळाही मारला होता.

आता मेमो हातात घेऊन बसल्यावर ते सगळं आठवलं आणि तिला स्वतःचाही राग आला. पण तो नंतरसाठी राखून ठेवायचा राग होता. आधी दुसऱ्यांचा नंबर.

रविवारी ती आठच्या ठोक्याला टेबलावर होती. साडेआठला स्क्रीनवर लाल पट्टी आली, इंटरनेट नाही. बाहेर रस्त्यावर पाण्याच्या पाइपसाठी खणत होते, त्यात केबल तुटली. तिनं लगेच अरविंदसरांना व्हॉट्सॲप केलं. उत्तरात अंगठा आला. पाठोपाठ, 'बॅकअप आहे. नो टेन्शन.' तिनं आपला मोबाइल चार्जिंगला लावून समोर ठेवला, रिंगचा आवाज पूर्ण मोठा केला आणि बसून राहिली. मोबाइल वाजला नाही. रविवार आहे, शांत आहे, असं तिला वाटलं. साडेदहाला वाजला तो दत्तूचा.

दत्तू मेकॅनिक. तिच्याच वयाचा, तिच्यासारखाच जुना.

"जयभीम ताई. फोन उचलत नाय का आज?"

"वाजला तर उचलीन ना. काय झालं?"

"ऐरोलीला आत्ता एका बाईला काढली. तासावर अडकून होती. मागची सामानाची लिफ्ट. वॉचमनला कळलं तेव्हा त्यानं माझ्या पर्सनलवर फोन केला. बाई म्हणते, तुमच्या नंबरावर लावून लावून बोट दुखलं. तुमचा फोन मेलाय काय?"

तेव्हापासून तिच्या डोक्यात ते घुमत होतं. लावून लावून बोट दुखलं. मग इथं एकदाही कसा आला नाही?

मंगळवारी संध्याकाळी तिनं घरी मेमो ताटाशेजारी ठेवला. नवरा, अश्विन, बसडेपोत टाइमकीपर. त्यानं चष्मा लावून वाचला, चष्मा काढला.

"कर सही. सहा वर्षं राहिलीत तुझी. उगाच कशाला वैर घ्यायचं? फॉर्मॅलिटी म्हणतायत ना ते?"

"मी नाही केली ती चूक मी कशी लिहून देऊ?"

"सगळेच देतात."

सासूबाई, चांगुणाबाई, भिंतीला टेकून भात कालवत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू दिलंवतंस ना रे लिहून? त्या डिझेलच्या हिशेबात घोळ झाला तवा?"

अश्विननं चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"मग बढतीच्या वेळी कुनी काडला तो कागद फायलीतनं? मी काडला?"

"आई, तो विषय वेगळा होता."

"व्हय. तो तुजा होता," चांगुणाबाई म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

राजश्री हसली नाही. त्या कागदामुळे अश्विनची बढती गेली तेव्हा तो चार महिने घरात कुणाशी धड बोलला नव्हता, आणि आज तोच माणूस तिला सही कर म्हणत होता. तिनं ताट उचललं आणि इतक्या जोरात घासलं की शेजारच्या सुनयनानं खिडकीतून विचारलं, "वहिनी, सगळं ठीक ना?"

बुधवारी दुपारी तिनं अर्धी रजा टाकली आणि दत्तूकडून पत्ता घेऊन दिघ्याच्या वस्तीत गेली. लिफ्टमध्ये अडकलेल्या भिमाबाईंचं घर म्हणजे एक खोली, दाराला साडीचा पडदा. बाई साठीच्या, जालन्याकडच्या, अंगानं वाळलेल्या. दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. दुपारी दोन वाजता धुण्याभांड्याची बाई घरी मेथी निवडत बसलेली, म्हणजे काम गेलेलं, हे राजश्रीला न विचारताच कळलं.

"मी लिफ्टच्या ऑफिसातून आलेय. फोनवर असते ती."

भिमाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमीच का त्या. दत्तूभाऊ म्हनले, लई गोड बोलत्यात बाई. आमाला काई ऐकायला नाई भेटलं."

"माझ्यापर्यंत फोन आलाच नाही मावशी. म्हणून आले. तुम्ही खरंच लावला होतात का, किती वेळा, ते बघायचंय."

"खोटं बोलते काय म्या?"

"तुम्ही खोटं बोलत नाही. मी खोटी पडतेय. मला कागद दिलाय की चूक माझी."

भिमाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, कमरेच्या पिशवीतून बटणांचा छोटा फोन काढला आणि तिच्या हातात दिला. "बघा. मला काई कळत नाई त्यातलं. आकडे तेवढे वाचता येत्यात."

राजश्रीनं बघितलं. रविवार, नऊ बारा. नऊ तेरा. नऊ चौदा. नऊ सोळा. एकाखाली एक, तोच स्टिकरवरचा नंबर, अकरा वेळा. मधे एक दुसरा नंबर, नवव्या मजल्यावरच्या मॅडमचा. "त्या झोपल्या आसतील, आइतवार व्हता," भिमाबाई म्हणाल्या. अकरापैकी नऊ कॉल लागले नव्हते. दोन लागले होते. एक नऊ सेकंदांचा, एक चौदा.

"हे दोन कुणी उचलले?"

"गडी मानूस व्हता. म्हातारा आवाज. म्या म्हनलं, साहेब, लिप्टीत अडकले, लाइट बी गेली. तर म्हनला, राँग नंबर, आन् ठिवला. म्या म्हनलं, आपलंच काई चुकलं आसंल. पुन्यांदा आकडा आकडा बघून लावला. तर तोच. म्हनला, बाई, परत फोन केलास तर पोलिसात देईन."

"मग?"

"मग काय. त्याच्यावर बी लावला धा-पाच वेळा. काय करू? भितीवर दुसरा नंबरच नाई." त्या थांबल्या. मग मेथीकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "मला शुगर हाय. तासभर नाई धरवत. लिप्टीतच झालं. बादलीत करायला गेले तर अंधारात बादली लवंडली."

राजश्रीला सोसायटीचा कागद आठवला. सोसायटीच्या तक्रारीची प्रत तिनं अरविंदसरांच्या टेबलावर वाचली होती. त्यात तीन मुद्दे होते. एक, सामानाची लिफ्ट दोन तास बंद राहिल्यामुळे सेक्रेटरींच्या पाहुण्यांचं सामान जिन्यानं न्यावं लागलं. दोन, कंपनीचा फोन लागत नाही. तीन, अडकलेल्या कामवालीने लिफ्टमध्ये अस्वच्छता केली, तरी साफसफाई कंपनीने करून द्यावी. नाव कुठंच नव्हतं. तक्रारीत भिमाबाई नुसती 'कामवाली', यादीत राजश्री नुसती 'ऑपरेटर'.

"कामं गेली का?"

"दोन घरं गेली. नवव्या मजल्यावरची म्हनली, आता बिल्डिंगीत तोंड कसं दाखवनार तू. म्या म्हनलं, मी दाखवते की. तुमीच नगा म्हनताय." आणि त्या एकदम हसल्या, कडूजार. "चहा घेता का? बिनसाखरेचा हाय, पन हाय."

राजश्रीनं चहा घेतला. मेमोच्या पाठीवर अकराही कॉलच्या वेळा लिहून घेतल्या, सेकंदांसकट. परत जाताना रिक्षात बसल्यावर तिनं ते सगळं पुन्हा वाचलं. मोठे साहेब फोनवर काय बोलतात ते एकवीस वर्षांत तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. जाहिरातवाले, कर्जवाले, देणगीवाले, सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर: परत फोन केलास तर पोलिसात देईन. आपल्या कंपनीचे अडकलेले लोक आपल्याच मोबाइलवर येणार आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यादीत मान होता. काम आहे हे कुणी कानावर घातलं नव्हतं.

रिक्षातूनच तिनं मितेशला फोन लावला.

"मितेशभाई, एकेकाचा फोन किती वेळ वाजतो?"

"पच्चीस सेकंद, मॅडम. मग पुढच्याला."

"आणि ज्याने फोन केलाय त्याचा? कुणीच उचलला नाही तर तो किती वेळ वाजत राहतो?"

"वो तो मोबाइल कंपनीवर आहे. पचास-पचपन सेकंदात आपोआप कट होतो."

"म्हणजे पहिले पंचवीस साहेबांचे, दुसरे पंचवीस मॅडमचे. आणि मग कट."

मितेश म्हणाला, "हां. तिसऱ्यापर्यंत मुश्किल से पोचेल."

"आणि बाईने परत लावला तर?"

"परत वरून सुरू."

"सातव्यापर्यंत कोणी जन्मात पोचणार होतं का?"

"मॅडम, मैंने बोला था टेस्ट करते हैं."

"बोलला होतात. आणि पंचवीस गुणिले सात तुम्हाला येत नव्हतं?"

"तुम्ही पण होतात ना तिथे," मितेश म्हणाला.

होती. तिनं फोन ठेवला आणि महाप्याचा पूल येईपर्यंत बाहेर बघत राहिली. हा तो राखून ठेवलेला राग. तो आता पुढे आला आणि शेजारी बसला. आठ महिन्यांपूर्वी तोंड उघडून बंद केलं नसतं, एक कॉल स्वतःच्या मोबाइलवरून लावून बघितला असता, तर एका म्हाताऱ्या बाईला अंधारात बादली शोधावी लागली नसती. त्याबद्दल तिनं कुणालाही लिहून दिलं असतं. पण त्या टाइप केलेल्या कागदावर ती चूक नव्हतीच. तिथं दुसरीच, त्यांच्या सोयीची चूक होती.

गुरुवारी रात्रीचा स्वयंपाक उरकायच्या आधीच तिनं ओट्यावर वही ठेवून उत्तर लिहिलं. मराठीत, हातानं, दीड पान. इंटरनेट कधी गेलं, अरविंदसरांना कधी कळवलं, त्यांचं उत्तर काय आलं. अकरा कॉलच्या वेळा ओळीनं. कोणते दोन कॉल उचलले गेले आणि काय बोललं गेलं. यादी कोणत्या क्रमानं केली, टेस्ट का केली नाही. शेवटी, 'यादी होताना मी क्रम बदलण्याविषयी एकदाच बोलले आणि नंतर गप्प बसले. ती माझी चूक मी मान्य करते. फोन न उचलण्याची चूक मी केलेली नाही.' आणि आणखी एक ओळ: 'अडकलेल्या व्यक्तीचे नाव श्रीमती भिमाबाई गवळे असे आहे.'

अश्विननं ते वाचलं. कागद उलटून शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाला, "दोन प्रती काढ. एकीवर पोच घे."

शुक्रवारी सकाळी स्वानंदसरांच्या केबिनमध्ये तिघं होते. स्वानंदसर, अरविंदसर आणि राजश्री. अरविंदसरांनी टाइप केलेला कागद आणि पेन पुढे सरकवलं. तिनं आपला कागद स्वानंदसरांच्या पुढे ठेवला.

ते वाचत होते तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. अर्ध्या पानावर ते थांबले.

"बाबांनी उचलला होता?"

"दोनदा."

"आणि पोलिसात देईन म्हणाले?"

"त्यांची चूक नाही, सर. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

अरविंदसर घाईनं म्हणाले, "सर, ती बाई काहीही सांगेल. अशिक्षित आहे. कुणाला लावला, काय ऐकलं—"

"अकराही कॉल तिच्या फोनमध्ये आहेत," राजश्री म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. फोनवरच्या माणसाला श्वास घ्या म्हणताना लागायचा तसाच होता. "अशिक्षित बाईनं स्टिकरवरचा नंबर आकडा आकडा बघून बरोबर लावला. शिकलेल्यांनी यादी केली, सर."

"तुम्ही मला शिकवू नका बाई."

"नाही. तुम्ही माझा खुलासा लिहिलात, म्हणून मी माझा लिहिला."

स्वानंदसरांनी कपाळ चोळलं. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. "राजश्रीताई, मला पटलंय सगळं. यादी आजच बदलतो. मितेशला बोलावलंय. पण हा कागद बाबांच्या हातात पडला तर... त्यांना बायपास झालंय, तुम्हाला माहीत आहे. असं करू. आम्ही मेमो मागे घेतो. तुम्ही तुमचा कागद मागे घ्या. सोसायटीला आपण तांत्रिक बिघाड म्हणून कळवू. कुणाचंच नाव नको. तुमचीही फाइल कोरी."

अरविंदसर लगेच म्हणाले, "याहून चांगलं काय असणार?"

खरंच, याहून चांगलं काय असणार होतं. मंगळवारी हेच मिळालं असतं तर तिनं पेढे वाटले असते. सहा वर्षं, कोरी फाइल, कुणाशी वैर नाही. घरी गेल्यावर अश्विन म्हणाला असता, बघ, मिटलं की नाही. सगळं मिटलं असतं. अकरा फोनही मिटले असते, लावलेच नव्हते असे. आणि तिसरा मुद्दा तेवढा सोसायटीच्या फायलीत राहिला असता: कामवालीने अस्वच्छता केली.

"मेमो तुमचा आहे, तुम्ही मागे घ्या," ती म्हणाली. "माझा कागद राहू दे."

"ताई, हट्ट कशासाठी?"

"तांत्रिक बिघाड नव्हता, सर. मशीननं सांगितलं तसंच केलं. आधी साहेब, मग मॅडम. त्या बाईची दोन घरची कामं गेलीत. सोसायटीला खरं कळवा, तिचं नाव घालून, की दोष कंपनीचा होता. तेवढं पत्र गेलं की मग माझा कागद कपाटात ठेवा नाहीतर आणखी कुठं."

स्वानंदसरांनी कागदाचा उरलेला भाग वाचून काढला. मग म्हणाले, "पत्र मी करतो. बाबांना मी सांगेन." आणि ते उठून बाहेर गेले, बहुधा सांगायचं कसं याचा विचार करायला.

दुपारी मितेश आला. नवीन क्रम असा झाला: ड्यूटीवरचा ऑपरेटर, ड्यूटीवरचा मेकॅनिक, मेकॅनिकांचे मुख्य. तीनच. प्रत्येकी पंधरा सेकंद. या वेळी राजश्रीनं स्वतः केबल उपटली आणि दत्तूला गोदामातून नंबर लावायला सांगितला. तिचा मोबाइल वाजला. तिनं उचलला नाही. पंधरा सेकंदांनी दत्तूच्या दुसऱ्या खिशातला ड्यूटीचा मोबाइल वाजला.

"माझा नंबर मोठ्या साहेबांच्या वर," दत्तू पायऱ्या चढून येत म्हणाला. "आता दिवाळीला घरी मिठाईचा बॉक्स येनार बहुतेक."

"साहेब यादीतच नाहीत," राजश्री म्हणाली.

"म्हंजे मिठाई गेली."

अरविंदसरांनी नवी यादी नोटीस बोर्डावर लावली. खाली त्यांनी आपल्या हातानं एक ओळ जोडली होती: 'सदर यादी मानानुसार नसून सोयीनुसार आहे. वरिष्ठांनी गैरसमज करून घेऊ नये.' राजश्रीनं ती दोनदा वाचली. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पाच वाजता ती आपल्या उत्तराची दुसरी प्रत घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"पोच द्या, सर."

"आता कशाला? मेमो रद्द झाला. पत्र जातंय. सगळं तुमच्या मनासारखं झालं."

"पोच द्या."

"ठेवून जा, सोमवारी देतो."

ती गेली नाही. बसलीही नाही. टेबलाच्या कडेला नुसती उभी राहिली. पाच मिनिटं गेली. लोक डबे घेऊन, बॅगा घेऊन जाता जाता तिच्याकडे बघत होते. अरविंदसरांनी दोन फोन केले, एक फाइल उघडली, बंद केली. शेवटी ड्रॉवर ओढला, शिक्का काढला, शाईच्या पॅडवर आपटला आणि प्रतीच्या कोपऱ्यात उमटवला. खाली सही केली, कागद फाटेल इतक्या जोरात.

"घ्या. गेला ना आता राग?"

"नाही," राजश्री म्हणाली. तिनं कागद उजेडाकडे धरला. "तारीख कालची पडलीय, सर."

अरविंदसरांनी तिच्याकडे बघितलं. मग शिक्का उलटा केला आणि नखानं तारखेचं चाक फिरवायला लागले.